सुनेच्या बदली सासू हजर

ये ग, जवळ ये. अशी लांबून काय बघतीस? तू तिकडं हॉस्टेलच्या खोलीत आणि मी इकडं गोठ्यापुढच्या कट्ट्यावर, म्हणून कागदावरच तुला ओढून घेते आणि आधी कान धरते. काल फोनवर काय म्हणालीस? "आज्जी, शिष्यवृत्तीची नोटीस लागलीय, शिबिराची लागलीय, सुट्टीतल्या कोर्सची बी लागलीय, खरं तिथं आपल्याला कोण घेतंय?" अगं शहाणे, नावच दिलं नाहीस तर घेणार कुणाला? युनिवर्सिटीची माणसं हळदीकुंकवाचं ताट घेऊन तुझ्या खोलीवर येतील होय, या बाई आमच्या शिबिराला म्हणून? आणि "आपल्याला" म्हणजे कुणाला ग? आपल्यातलं कोण कुठं कुठं जाऊन आलंय ते तुला ठाऊक नाही, म्हणून बोललीस. चूक तुझी नाही, कुणी सांगितलंच नाही. मी सांगते. ऐक, आणि मधे मधे हं म्हणत जा, त्याशिवाय माझं गाडं पुढं सरकत नाही.

मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती पेंडीच्या पोत्यांवरनं आणि एसटीच्या पाट्यांवरनं. त्यामुळं लिहिते तशी बोलते आणि बोलते तशी लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ तुझी मामी बघून घेईल. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

तुझी मामी कागलच्या पलीकडची. माहेरी घरात कानडी. मला अजून "अत्ती" म्हणते, त्यांच्यात सासूला तसंच म्हणतात, आणि रागावली की पुढचं सगळं कानडीत, म्हणजे मला कळायला नको. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी सांगितलं होतं, "पोरगी बी.ए. झालीया, पुढं शिकायचं म्हणत्या." तुझे आजोबा पटका सारखा करत म्हणाले, "शिकू दे की! आमची काय ना न्हाय." आता असं सुपारी फोडताना सगळेच म्हणतात. मांडव उतरला की ते शब्द बी उतरतात. खरं ही बाई विसरली नव्हती.

तुझा मामा तेव्हा फौंड्रीत पाळीवर जायचा. तो गरीब स्वभावाचा, दोन्हीकडनं मान हलवणारा. त्यामुळं तिनं मलाच गाठलं. मी वैरण कापत होते.

"अत्ती, युनिवर्सिटीत समाजकार्याचा दोन वर्षांचा कोर्स हाय."

"समाजकार्याला कोर्स?" मी विळा खाली ठेवला. "बारशाला जायाचं, मयताला जायाचं, भांडान लागलं तर सोडवायचं. ह्येला दोन वर्सं कशाला लागत्यात?"

ती हसली नाही. तेव्हाच मी ओळखलं, हिचं मनावर आहे.

आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "बोललोय ते बोललोय, शिकू दे. खरं फीच्या नावानं गोठ्यातली म्हस हालणार न्हाय, हे बी आत्ताच सांगतो." संपलं. तुझ्या आजोबांचा शब्द एकदा सुटला की तो काय म्हसरागत संध्याकाळी आपणहून दावणीला येत नसायचा.

मग तिनं हुडकून काढली शिष्यवृत्ती. कोल्हापुरातल्या एका धर्मादाय मंडळाची, लग्नानंतर शिकणाऱ्या बायकांसाठी. आम्हाला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. तिला तरी कुठं होतं? युनिवर्सिटीच्या नोटीस बोर्डापुढं उभी राहून तिनं प्रत्येक कागद वाचला होता, दुसऱ्याच्या विषयाचा बी. मुलाखत झाली, मिळाली. फी त्यातनं, पुस्तकं त्यातनं, बसचा पास बी त्यातनं. खरं अटी होत्या. हजेरी चुकवायची नाही, आणि वर्षातनं एकदा खेड्यात शिबीर असतं ते पुरं करायचं. शिबीर बुडलं की शिष्यवृत्ती बंद. आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे आमच्या घरात शिक्षण बंद, हे तुला आता वेगळं सांगायला नको.

राहिलं घरातलं काम. ते कसं उरकलं, तर पैऱ्यानं. तू शहरात राहून विसरली असशील म्हणून सांगते. भांगलण असो, काढणी असो, आज आम्ही सगळ्या तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात. मजुरी नाही, हिशेब नाही, हाताला हात. एखादीला जमलं नाही तर तिच्या घरातली दुसरी जाते. जाऊ गेली, सासू गेली, कुणी गेलं तरी त्या घरचा पैरा भरला. तोंड कुणाचं आहे ते बघत नाहीत, हात आला का ते बघतात.

तर आमच्या गल्लीतल्या बायकांनी तुझ्या मामीचा पैरा धरला. आठवड्याचं तिचं शेणकूर, वैरण, भांगलण ह्या वाटून करायच्या आणि रविवारी ती ह्यांच्या रानात राबून फेडायची. शेजारची अक्का तेवढी टोमणा मारायची, "बाई शिकून मोठी झालीस की आमच्या म्हशीला ओळख दे हं!" खरं सगळ्यात आधी कामाला तीच यायची.

पहिलं वर्ष असं छान चाललं होतं. शिबीर आलं तोंडावर. मलकापूरच्या पुढं डोंगरातली एक वाडी, तिथं ओढ्याला बांध घालायचा. बाईनं पिशवी भरली, आणि जायच्या आदल्या दिवशी अंगावर कांजिण्या उठल्या. तोंडापासनं तळपायापर्यंत. आम्ही तिला माजघरात झोपवली, लिंबाचा पाला टाकला. ती भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. मी म्हटलं, "खाजतंय काय?" तर म्हणाली, "अत्ती, गेलं माझं सगळं."

मला ऐकवलं नाही. मी माझ्या बुद्धीनं विचार केला. शिबिरात काय, तर श्रमदान. श्रमदान म्हणजे हात. ह्या घरचा हात तिथं पोचला म्हणजे झालं की! सून पडली तर सासू जाते, ही तर आमची रीतच. मी तिला अक्काच्या हवाली केलं, तुझ्या आजोबांना सांगितलं, "लेकीला भेटून येतो मलकापुरास्नं," आणि खुरपं अन् भाकरी बांधून एसटीत बसले. खोटं नव्हतं ते, तुझ्या आईला खरंच भेटले. तू तेव्हा अंगठा चोखत होतीस. तिथनं पुढं एका दुधाच्या टेंपोत बसून वाडीवर.

सकाळची वेळ. शाळेच्या पटांगणात पोरंपोरी रांगेत उभी, आणि पुढं एक मॅडम. बारीक चणीची, चष्मा, पायात बूट. हजेरी चालली होती. मी हळूच पोरींच्या रांगेत मागं जाऊन उभी राहिले. तुझ्या मामीचं नाव पुकारलं, आणि मी ओरडले, "हाय की!"

सगळी रांग मागं वळली. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, ही एका दिवसात एवढी म्हातारी कशी काय झाली?"

"गप ए टवाळ्या," मी म्हटलं. "सासू हाय मी तिची. तिला कांजिण्या उठल्यात. तिच्या बदली आलोय. मांडा हजेरी आन दावा काम कुठं हाय."

पोरं पोट धरून हसायला लागली. मॅडम हसली नाही. तिनं मला शाळेच्या पायरीवर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि शेजारी बसली. म्हणाली, "आजी, तुम्ही एवढ्या लांब आलात, मला फार बरं वाटलं. पण तिची हजेरी मला तुमच्या नावावर लावता येणार नाही."

"का? माझा हात चालत न्हाय व्हय? बघा तरी काम."

"तुमचा हात तिच्यापेक्षा चांगलाच चालेल. पण आजी, तुम्ही इथं जेवलात तर तिचं पोट भरेल का?"

मी म्हटलं, "न्हाय भरत." आणि मग मला कळलं. बांध हा नुसता निमित्ताला होता. माणसांत जायचं, त्यांच्याशी बोलायचं, त्यांना एका जागी बसवायचं, हे तिला शिकायचं होतं, आणि शिकणं काय पैऱ्यानं होत नाही.

"मग तिची शिष्यवृत्ती?" मी विचारलं.

मॅडम म्हणाली, आणखी दोघंतिघं आजारपणानं राहिलेत, वर्ष संपायच्या आत त्यांच्यासाठी छोटं शिबीर घेता येईल, विभागाची परवानगी ती काढेल. "पण त्याला गाव लागतं. जागा देणारं, दोन घास करून घालणारं. ऐन सुगीत कुठलं गाव हो म्हणणार?"

"आमचं गाव," मी म्हणाले.

कुणाला विचारून म्हणाले? कुणालाच नाही. सरपंचाला नाही, तुझ्या आजोबांना तर नाहीच. तोंडातनं गेलं. मग मात्र मी पदर खोचला आणि दिवसभर त्या पोरांबरोबर ओढ्यात दगड वाहिले. आलेच होते तर बसून काय करायचं?

गावात परत आले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. त्या दुधाच्या टेंपोवाल्यानं सांगितलं असणार. अक्का कमरेवर हात ठेवून वाटेतच उभी. "आलीस व्हय कॉलेजास्नं? आता परीक्षंला बी तूच बस जा." आणि घरात तुझे आजोबा. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "लेकीकडं गेलतीस न्हवं? लेक ओढ्यात ऱ्हात्या का आजकाल?"

मी भाकरी थापायला बसले, आणि थापता थापताच सांगितलं की युनिवर्सिटीची पोरं आपल्या गावात शिबिराला येणार आहेत. त्यांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. "फीला म्हस हालणार न्हाय म्हटलं, तर तू गावच हालवायला निघालीस." एवढंच म्हणाले. खरं दुसऱ्या दिवशी सरपंचाकडं स्वतः गेले. ते मला आजवर त्यांनी सांगितलेलं नाही, सरपंचाच्या बायकोनं सांगितलं.

शिबीर झालं. पोरं शाळेत राहिली, जेवण गल्लीगल्लीनं पैऱ्यानं केलं. मामीच्या अंगावरचे डाग अजून गेले नव्हते, खरं ती सगळ्यात पुढं. आमच्या पारापुढं हातपंप होता, त्याचं पाणी साचून कायम राडा, मच्छर. तिथं शोषखड्डा काढायचा ठरलं. म्हणजे खोल खड्डा, त्यात दगडगोटे, सांडपाणी आत मुरायचं. आता पारापुढं खड्डा म्हटल्यावर म्हाताऱ्यांचा होकार पाहिजे, कारण पार त्यांचा. म्हणून सभा घ्यायची. आणि मॅडम म्हणाली, सभा तुझ्या मामीनं घ्यायची, तिनंच बोलायचं, ते बघूनच तिचं शिबीर पुरं झालं की नाही ते ठरणार.

तुझी मामी पांढरी पडली. "मॅडम, दुसऱ्या कुठल्याबी गावात घेतो. इथं मामंजी असत्यात."

मॅडमला कळेना. ती बाहेरची होती. सून गावातल्या चार माणसांत, सासऱ्याच्या तोंडापुढं उभी राहून बोलत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरात सुद्धा मामी त्यांच्याशी थेट बोलायची नाही. "अत्ती, मामंजींना चहा ठेवू का विचारा," असं त्यांच्या समोर उभं राहून मला सांगायची. मी गाव देऊन बसले आणि पोरीला अशा ठिकाणी नेऊन उभं केलं. डोंगरातल्या त्या वाडीवर तिनं घडाघडा बोलून दाखवलं असतं.

दुपार कलली तशी माणसं जमली. बायका एका बाजूला, म्हातारे पारावर, तुझे आजोबा अगदी पुढं. मॅडम बाजूला वही मांडीवर घेऊन. मामी उभी राहिली. पदर डोक्यावरनं कपाळापर्यंत. तोंड उघडलं, आणि आवाजच नाही. घसा साफ केला, परत तेच. पोरं चुळबुळ करायला लागली. अक्का माझ्या कानात म्हणाली, "वाचा बसली का ग तिची?" एवढ्या जणींनी तिचं शेण काढलं, तिनं रविवार घातले, मॅडमनं परवानगी आणली, आणि सगळं त्या पदरापाशी येऊन अडकलं होतं.

तेवढ्यात तुझे आजोबा उठले. मला वाटलं, चालले. गेलं सगळं. ते उठले, बुडाखालचं घोंगडं उचललं, झटकलं, उलटं फिरवून टाकलं आणि मागच्या देवळाच्या भिंतीकडं तोंड करून, सुनेकडं पाठ करून बसले. मग भिंतीकडं बघतच मोठ्यांदा मला म्हणाले, "सांग तिला, मी काय तिच्याकडं बघत न्हाय. बोल म्हणावं!"

शेजारचे म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. एकजण कण्हत कण्हत उठला आणि फिरून बसला. मग दुसरा. बघता बघता सगळा पार भिंतीकडं तोंड करून बसला. नुसते पटके आणि पाठी.

मॅडम घाबरली. माझ्याजवळ येऊन हळूच विचारते, "आजी, रागावले का हो सगळे? बहिष्कार घातला का?"

"न्हाय वो बाई," मी म्हटलं, "ऐकाय लागल्यात."

आणि मामी बोलली. सुरुवातीला आवाज कापत होता, मग सरळ झाला. खड्डा किती खोल, दगड कुठनं आणायचे, मच्छर कमी झाले की पोरांचे ताप कसे कमी होतील, सगळं. मधेच पाठीकडनं प्रश्न आला, "विचार तिला, खड्डा गाळानं भरला तर?"

मी वळले तिच्याकडं. ती म्हणाली, "अत्ती, सांगा त्यास्नी, वर्षातनं एकदा दगड काढून, धुऊन परत रचायचे."

मी सांगायला तोंड उघडलं तर आजोबा म्हणाले, "ऐकलं. भैरा न्हाय मी." सगळा गाव हसला. भिंतीकडं बघणारे म्हातारे बी गदगदा हलत होते.

खड्ड्याला होकार मिळाला. सभा संपली असं वाटलं. मग आजोबा परत बोलले, जरा हळू, "आणि एक विचार तिला. ती शिष्यवृत्ती देणारी माणसं हायत, ती एकाच सुनंला देत्यात, का गावातल्या आणखी पोरीस्नी बी?"

या वेळी तुझी मामी माझ्याकडं वळलीच नाही. ती थेट त्या पाठीशीच बोलायला लागली. कुठली शिष्यवृत्ती कुणाला मिळते, काम करून शिकायची सोय कशी असते, मुलींच्या हॉस्टेलला नाव कधी द्यायचं, नर्सिंगला काय लागतं, सुट्टीतले कोर्स कुठले, नोटीस बोर्ड कुठं असतो आणि तिथं लाजायचं का नाही. पदर खांद्यावर आला, तिच्या ध्यानात नाही. धारेची वेळ झाली, गोठ्यातनं म्हशी हंबरायला लागल्या, खरं एक बाई उठली नाही. अक्का तर पुढं सरकून बसली होती, तिच्या धाकटीला हाताला धरून.

मॅडमनं वही मिटली आणि मला म्हणाली, "झालं शिबीर हिचं."

शिष्यवृत्ती टिकली. दुसरं वर्ष बी झालं. पदवीदानाला मी गेले, नवं लुगडं नेसून. तुझी मामी साडीवर तो काळा झगा घालून चालत आली आणि मी टाळ्या वाजवताना शेजारच्या माणसाला कोपर लागलं. त्यानं "जरा जपून मावशी" म्हटलं. मी म्हटलं, "सून हाय माझी!" तुझे आजोबा आले नाहीत, म्हशी होत्या. खरं त्या संध्याकाळी दूध घालायला डेअरीत गेले आणि तिथं एवढ्या मोठ्यांदा सांगितलं की मी परड्यात उभी राहून ऐकलं. "एम.एस.डब्ल्यू. झाली आमची सून! व्हय, युनिवर्सिटीत! न्हाय, फुकट न्हाय, मुलाखत देऊन!" घरात येऊन मला विचारलं, "काय झाली म्हणायचं नेमकं? मी बरोबर सांगितलं न्हवं?" मी म्हटलं, तिलाच विचारा. तर दारातनं तिच्याकडं बघून म्हणाले, "काय ग, बरोबर हाय न्हवं?" ती म्हणाली, "बरोबर हाय, मामंजी." मी भाकरी उलटायला वाकले, म्हणजे कुणाला माझं तोंड दिसायला नको.

अक्काची धाकटी नर्स झाली. तिच्या पाठोपाठ गल्लीतल्या कितीतरी पोरी युनिवर्सिटीची पायरी चढल्या. कुणाला शिष्यवृत्ती मिळाली, कुणाला नाही, खरं नाव सगळ्यांनी दिलं. तुझी मामी आता कॉलेजात शिकवते, पोरांना घेऊन खेड्याखेड्यात शिबिरं नेते. मला अभिमान आहे तिचा, आणि तो मी झाकून ठेवत नाही. चारचौघांत सांगते. माझा बी थोडा आहे म्हण, हाताची हजेरी लागली नाही तरी पायानं मी त्या शिबिराला पोचले होते.

तर आता तू उद्या सकाळी उठून त्या बोर्डापुढं जा. सगळे कागद वाच आणि शिबिराला नाव दे. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला कसं बोलायचं ते मामी सांगेल. ती रविवारी घरातच असते. बस आपल्या वेशीपर्यंत येते, मैत्रिणीला बी आण, दोघी जेवून जा. आणि हे बघ, आपली म्हस काल व्यालीय. खरवस केलाय, वाटी तुझी झाकून ठेवलीय, खरं तो काय तुझ्या सवडीनं थांबत नाही. तेव्हा लवकर ये ग. ह्याच रविवारी ये.